नागराज, चाचा चौधरी की अमर चित्र कथा? खान्देशातल्या सुट्टीसाठी

पोरगं नऊ-दहा वर्षांचं, मे महिना तोंडावर, भुसावळ-जळगावचं ऊन पंचेचाळिसाला टेकलं की दुपारी कोणाला घराबाहेर सोडायची सोय नाही. मोबाइल काढून घ्यायचा तर बदल्यात हातात काहीतरी द्यावंच लागतं. मग कॉमिक्स घ्यायचं ठरतं आणि गाडी तिथेच अडते: राजचे, डायमंडचे की अमर चित्र कथेचे? नागराज, ध्रुव राजचे, चाचा चौधरी डायमंडचा, आणि अमर चित्र कथेत पुराण-इतिहासातल्या नि लोककथांतल्या गोष्टी. मी तिन्ही वाचून मोठा झालो आणि आता घरातल्या पोरांसाठी तेच पुन्हा विकत घेतोय, म्हणून चार गोष्टी सांगतो. पटतील त्या घ्या.

इंद्रजालला आधीच बाजूला ठेवू. टाइम्सवाल्यांनी 1964 साली सुरू केलेली ही मालिका 1990 मध्ये बंद पडली. आमच्या आधीच्या पिढीचा मुखवटेवाला वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठीत आले ते इथूनच. जुने अंक आता संग्राहकांच्या कपाटात असतात आणि ते लोक किंमत ऐकवतात तेव्हा आपणच विषय बदलतो. समजा मिळालेच, तरी ते पोराच्या हातात देववणार नाहीत, तुम्हीच वाचत बसाल.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे तसा फार मोठा नाही. रावेर ओलांडलं की बुऱ्हाणपूर, भुसावळात अर्धी रेल्वे कॉलनी हिंदी बोलते, आणि घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी हे आपल्या पोरांना अंगवळणी पडलेलं असतं. म्हणूनच राज कॉमिक्स हिंदी असूनही इथे भरपूर वाचली गेली.

आणि काय वाचली जायची! राज 1986 सालची, दिल्लीची. नागराजला प्रोफेसर नागमणीनं तयार केलं ते गुंडांना भाड्यानं द्यायचं हत्यार म्हणून, आणि त्याला त्यातून सोडवलं गोरखनाथांनी. ज्या घरात नवनाथांचं पारायण व्हायचं त्या घरात या एका गोष्टीमुळे नागराजला दारातून आत घेतलं जायचं. सुरुवातीचा नागराज काढला प्रताप मुळीकांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या माणसानं. त्यांनीच अमर चित्र कथेचीही कितीतरी पुस्तकं चितारली आहेत, त्यामुळे या दोन घराण्यांत लोक समजतात तेवढी भिंत नाही.

माझा जीव मात्र ध्रुववर होता. सुपर कमांडो ध्रुव अनुपम सिन्हांचा, कथाही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच. सर्कशीत वाढलेला हा मुलगा. ना अंगात विष, ना उडता येतं. भिंतीवरचा पाइप, खाली सांडलेलं तेल, जवळची विजेची तार, जे हाताशी असेल त्यातून तो वाट काढतो. चौकटीत त्याच्या डोक्याशेजारी विचारांचे ढग यायचे आणि त्यात त्याचं पूर्ण गणित मांडलेलं असायचं. बाकीच्या हिरोंच्या मारामारीची पानं भराभर उलटून पुढे जाता येतं, ध्रुवची प्रत्येक चौकट थांबून वाचावी लागते. शाळेत विज्ञान नावडतं असलेली पोरंही ते गणित वाचायची. राजचाच दुसरा हिरो डोगा मात्र दहाच्या आतल्याला देऊ नका. तो गुंडांना पकडत नाही, सरळ मारतो.

डायमंडचं काम वेगळं. चाचा चौधरी व्यंगचित्रकार प्राण यांनी 1971 मध्ये लोटपोट या मुलांच्या हिंदी नियतकालिकासाठी काढला, पुढे डायमंडनं तो घरोघर पोचवला. गोष्टी चार-सहा पानांच्या, रेषा साध्या, मागचं चित्र जवळजवळ रिकामं. चाचांची लाल पगडी, त्यांचा धिप्पाड सोबती साबू, रॉकेट कुत्रा, आणि साबूला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो. नुकतं वाचायला लागलेल्या पोराला याहून सोपं दुसरं काही नाही. मुलींसाठी पिंकी आहे, शेजारच्या झपटजींना छळणारी, आणि राजमध्ये तिच्या तोडीची खोडकर पोरगी मला तरी सापडली नाही. पण खरं सांगायचं तर डायमंडचा अंक अर्ध्या तासात संपतो आणि पोरगं पुन्हा मोबाइल मागतं. दुसऱ्यांदा वाचायला फारसं काही उरत नाही. हे माझं मत, तुमच्या घरी वेगळं घडू शकेल.

आता ज्या गोष्टीनं माझं पारडं फिरवलं, तिच्याकडे येतो. ती म्हणजे ‘क्रमशः’.

राजच्या मोठ्या गोष्टी एका अंकात मावत नसत. शेवटच्या पानावर नागराज बेशुद्ध, वर खलनायकाचा पाय, आणि खाली कोपऱ्यात तो शब्द. शेजारी पुढच्या अंकाचं नाव आणि रंगीत जाहिरात. दिल्लीत राहणाऱ्या पोराला यात मजाच वाटत असणार, कारण पुढचा भाग वेळेवर त्याच्या नाक्यावर येत असेल. आमच्याकडे गठ्ठा कधी यायचा, कधी नाही. आला तरी त्यात मधलाच भाग नसायचा. आम्ही आठ आणे रोज भाड्यानं ज्याच्याकडून अंक आणायचो तो दुकानदार तर ज्या भागाला जास्त मागणी तोच लपवून ठेवायचा आणि ओळखीच्यांना द्यायचा. एका मालिकेचा दुसरा भाग मी आजतागायत वाचलेला नाही. गल्लीतल्या एकानं ‘मी वाचलाय’ म्हणून सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली होती. पुढे कळलं की त्यानंही तो वाचला नव्हता, मनानंच रचून सांगितलं होतं. त्याची गोष्ट बरी होती, पण ती नागराजची नव्हती.

तुम्ही म्हणाल, अमर चित्र कथेनंही महाभारत 42 अंकांत काढलंच की. काढलं, 1985 पासून. त्यातलेही मधले अंक आमच्याकडे कधी आले नाहीत. पण तिथे फरक असा पडला की चक्रव्यूहाचा अंक हुकला तर आजी होती. दुपारी ओसरीवर वाती वळता वळता ‘काय वाची राह्यना रे भो?’ म्हणायची, आणि अभिमन्यूपर्यंत आलोय म्हटलं की पुढचं सगळं सांगून टाकायची. काही ठिकाणी तिचं आणि पुस्तकाचं जुळायचं नाही. मग आम्ही पान दाखवून भांडायचो आणि ती चित्राकडे बघून म्हणायची, यानं चुकीचं काढलंय. नागराजच्या दुसऱ्या भागाबद्दल असं भांडायला घरात कोणी नव्हतं.

त्यात बहुतेक अंक 32 पानांतच पुरे होतात. बिरबल, तानाजी, पंचतंत्र, घेतलं की संपलं. अनंत पैंनी 1967 मध्ये हे काम हाती घेतलं, त्याआधी ते टाइम्समध्ये इंद्रजालच्याच कामात होते. एका अंकात एक गोष्ट, ही शिस्त त्यांनी तिथूनच आणली असावी असा माझा आपला अंदाज.

उणिवाही सांगायला हव्यात. अमर चित्र कथेत विनोद बेताचा. वरच्या पिवळ्या पट्टीतली निवेदनं पुस्तकी असतात. राक्षस झाला की तो काळा किंवा हिरवा, आणि देव-राजे गोरेपान, यावर टीका झाली आहे आणि ती बरोबर आहे. माझ्या भाचीनं विचारलं होतं, ‘मामा, सगळ्या वाईट लोकांचा रंग असा का?’ उत्तर देताना माझी दमछाक झाली. विनोदाची उणीव त्याच घराण्याचं मुलांचं नियतकालिक टिंकल भरून काढतं, सुपंदी आणि शिकारी शंभू त्यातलेच. मात्र मराठीतली निवड इंग्रजीच्या मानानं तोकडी दिसते. जळगावात दुकानात उभं राहून शोधायचं असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर उन्हात हेलपाटा पडतो.

राजवाल्यांवर अन्याय नको. त्यांच्या जुन्या मालिकांचे भाग आता एकत्र बांधलेल्या संग्रहातही मिळतात, घरपोच येतात, म्हणजे माझी तक्रार अर्धी निकालात निघाली. उरलेली अर्धी अशी की सुटे भाग मागवायला गेलं की एखादा संपलेला असतो, आणि चोपडा-शिरपूरकडे पार्सल यायला लागतात ते दिवस नऊ वर्षांच्या पोराला फार मोठे वाटतात. ज्याला हिंदी सरसर वाचता येतं, वय अकरा-बारा आहे आणि घरात सांगणारं मोठं माणूस दुपारी नसतं, त्याला ध्रुव खुशाल द्या. तो अमर चित्र कथेपेक्षा जास्त रमेल, हे मलाही मान्य आहे.

पण घरात आजी-आजोबा असतील आणि पोरगं पहिल्यांदाच हातात कॉमिक्स धरत असेल, तर मी आधी अमर चित्र कथेचे चार-पाच सुटे मराठी अंक घेईन. पहिला बिरबलाचा घ्या, कारण तो हसवतो. सोबत एखादा चाचा चौधरी, प्रवासासाठी. ध्रुव-नागराज दिवाळीच्या सुट्टीत आणा, आणि मालिका असेल तर दुकानदाराला आधी शेवटचा भाग काढून दाखवायला सांगा. तो हातात आला की मगच पहिल्याचे पैसे द्या.