ब्रिटनी की अल्सास? पॅरिसनंतरच्या चार-पाच दिवसांचा विचार

पॅरिस पाहून झाल्यावर हाती चार-पाच दिवस उरत असतील आणि ते एकाच प्रांतात घालवायचे असतील, तर पश्चिम टोकाचा ब्रिटनी आणि जर्मनीला लागून असलेला अल्सास यांचा एकत्र विचार करावा. टीजीव्ही या वेगवान रेल्वेने पॅरिसहून ब्रिटनीतील रेन शहर सुमारे दीड तासावर, तर अल्सासमधील स्ट्रासबुर्ग पावणेदोन तासांवर आहे. दोन्ही प्रांत फ्रान्समध्ये उशिरा सामील झाले आणि दोन्हींची मूळ बोली फ्रेंचहून निराळी आहे. मात्र ते फ्रान्समध्ये ज्या प्रकारे आले, त्यात मोठा फरक आहे आणि तो आजही जाणवतो.

चौदाव्या लुईने १६८१ मध्ये स्ट्रासबुर्ग घेतले. १८७१ मध्ये प्रशियाकडून झालेल्या फ्रान्सच्या पराभवानंतर जवळजवळ सगळा अल्सास जर्मन साम्राज्यात गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये नाझी जर्मनीने तो गिळला आणि १९४५ पर्यंत तो पुन्हा फ्रेंच झाला. म्हणजे १८७० साली तिथे जन्मून पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने घर न सोडता चार वेळा राज्य बदललेले पाहिले. या इतिहासाच्या खुणा रोजच्या व्यवहारात आहेत. फ्रान्समध्ये आगगाड्या सहसा डाव्या रुळावरून धावतात, अल्सासमध्ये मात्र जर्मन काळातील रचनेमुळे उजव्या. धर्म आणि शासन यांना वेगळे करणारा १९०५ चा कायदा झाला, तेव्हा हा प्रदेश जर्मनीकडे होता. म्हणून तो इथे आजही लागू नाही आणि गुड फ्रायडेला इथे सुट्टी असते. लाखभर अल्सासी तरुणांना दुसऱ्या महायुद्धात सक्तीने जर्मन सैन्यात भरती केले गेले, हे लक्षात ठेवूनच स्ट्रासबुर्गमधील युरोपियन संसदेची इमारत पाहावी. ती नेमकी याच शहरात का आहे, हे मग आपोआप उमगते.

ब्रिटनीची कथा अधिक जुनी आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेल्या केल्टिक लोकांनी या भूमीला नाव दिले आणि ब्रेताँ भाषाही. ब्रिटनीची सत्ताधीश डचेस अ‍ॅन हिने लागोपाठ दोन फ्रेंच राजांशी विवाह केला आणि १५३२ मध्ये ही डची फ्रान्सला जोडली गेली. मराठी वाचकाला जवळचे वाटेल ते लोरियाँ हे बंदर. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी १६६६ मध्ये ते वसवले गेले आणि त्याच्या नावातच ‘पूर्व’ आहे. याच कंपनीच्या फ्रांस्वा मार्तँ याने १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयावर असलेल्या शिवाजी महाराजांकडून पुदुच्चेरीची वखार राखण्याची परवानगी मिळवली होती. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत जुने लोरियाँ बहुतांशी नष्ट झाले, त्यामुळे शहरात प्राचीन गल्ल्या शोधू नयेत. खाडीपलीकडच्या पोर-लुई किल्ल्यातील कंपनीचे संग्रहालय मात्र चुकवू नये.

ब्रिटनीतीलच कार्नाक येथील तीन हजारांहून अधिक उभ्या शिळांच्या रांगा नवाश्मयुगातील आहेत. जुलै २०२५ मध्ये, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना ज्या बैठकीत जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्याच बैठकीत कार्नाक आणि मॉर्बियाँच्या किनाऱ्यालाही तो मिळाला. सँ-मालो या ब्रिटनीतील बंदराच्या तटावरून दिसणारी भरती-ओहोटी कोकणातल्या माणसालाही थक्क करते, कारण मोठ्या उधाणाला पाणी बारा मीटरहून अधिक चढते-उतरते. ओहोटीत ग्राँ-बे बेटावर चालत जाता येते आणि भरतीत तीच वाट बुडते, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघावे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची सोय ब्रिटनीत थोडी बरी होते. कुट्टूच्या पिठाचे, आपल्या घावनाशी नाते सांगणारे गालेत चीज किंवा भाजी घालून मिळते, पण अंडे चालत नसेल तर आधी विचारावे. अल्सासच्या फ्लामेकुश या पातळ, भाजलेल्या पोळीवर बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

प्रवासाची सोय हा मला निर्णायक मुद्दा वाटतो. वृद्ध आई-वडील बरोबर असतील, गाडी चालवायची नसेल किंवा डिसेंबरच मिळत असेल, तर अल्सास निवडावा. स्ट्रासबुर्गचे १४२ मीटर उंच कॅथेड्रल आणि कोलमारमधील इझेनहाइमचे वेदिचित्र (चर्चच्या वेदीसाठीचे चित्रफलक) यांत रेल्वेने अर्ध्या तासाचेच अंतर आहे. नाताळच्या बाजाराची परंपरा १५७० पासूनची आहे. त्या आठवड्यांत निवासाचे दर चढतात, तेव्हा खोली लवकर राखून ठेवावी. ब्रिटनीत गाडीवाचून अडते, कारण कार्नाकला नियमित रेल्वे नाही, जवळचे मोठे स्थानक ओरे हे आहे. तरीही इतिहासाची ओढ असलेल्या, जून ते सप्टेंबर या काळात जाऊ शकणाऱ्या माणसाला मी ब्रिटनीच सुचवेन, एवढेच की त्या महिन्यांत कार्नाकच्या शिळांमध्ये मार्गदर्शकासोबतच शिरता येते, त्यामुळे त्या फेरीची वेळ ठरवूनच बाकीचा दिवस आखावा.