स्टुडिओ वापरून आठ महिने: आमचा माळवदाचा वाडा, विटा-विटांनी रचलेला

मागच्या जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी लॅपटॉपवर स्टुडिओ हे लेगोची मॉडेलं रचायचं सॉफ्टवेअर घेतलं, आता फेब्रुवारी संपत आलाय. या आठ महिन्यांत एकच मोठं मॉडेल केलं, पण ते तीनदा मोडून पुन्हा रचलं. दोन-चार दिवस वापरून लिहिलेले अनुभव पुष्कळ आहेत. मला काय कळलं ते चौथ्या-पाचव्या महिन्यात कळलं, म्हणून एवढं थांबून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेगोच्या विटांनी स्वतःच्या डोक्यातलं मॉडेल पडद्यावर रचायचं, त्याला लागणाऱ्या भागांची यादी काढायची आणि दुसऱ्याला बांधता येईल अशी पायरी-पायरीची पुस्तिका तयार करायची, ही तिन्ही कामं या एका सॉफ्टवेअरमध्ये होतात. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं, पैसे लागत नाहीत. ब्रिकलिंक नावाची सुट्या विटांची ऑनलाइन बाजारपेठ आहे, त्यांचं हे सॉफ्टवेअर. ब्रिकलिंक २००० साली सुरू झालं आणि २०१९ मध्ये लेगोनंच ते विकत घेतलं. लेगोचं स्वतःचं डिजिटल डिझायनर होतं, ते नंतर त्यांनी बंद केलं. त्यामुळं आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं सरळ स्टुडिओच घ्यावं, असं माझं मत आहे.

स्वतःच्या कल्पनेनं केलेल्या मॉडेलला या छंदातले लोक मॉक म्हणतात. लेकीच्या वाढदिवसाला आलेला एक डबा दोन दिवसांत बांधून झाला, पुढं काय म्हणून आम्ही दोघी शोधायला लागलो आणि इथं येऊन पोचलो. ती शाळेत आणि क्लासमध्ये अडकली, मी मात्र इथंच राहिले.

मी निवडला आमचा जुना वाडा. लोहारा तालुक्यातलं आमचं मूळ गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात पडलं. गणपती बोळवून लोक झोपले होते. गाव नंतर दुसऱ्या जागी वसवलं, तिथं सिमेंटची घरं मिळाली. वाड्याचा एकही नीट फोटो आमच्याकडं नाही. होती ती अण्णांची आठवण आणि मोठ्या आईची आठवण, आणि ती दोघं प्रत्येक खोलीवरून भांडायची.

पहिला प्रश्न मापाचा. इथं विटांचं गणित कामी आलं आणि तेव्हापासून मला या छंदाचं वेड लागलं. विटेवरचे गोल उंचवटे म्हणजे स्टड, दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी. विटेची उंची ९.६ मिमी. प्लेट म्हणजे चपटी वीट, तिच्या तिसऱ्या हिश्श्याची, ३.२ मिमी. म्हणजे पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की बरोबर १६ मिमी, दोन स्टडएवढ्या. अण्णांना विचारलं, खण, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, केवढा होता? ते म्हणाले, "पाच फुटाचा धर. सगळं घर खणावरच मोजायचे." मी एका खणाला चार स्टड दिले आणि प्रमाण जवळजवळ १:४८ आलं. मग बाकीची मापं आपोआप जुळत गेली. ४८ बाय ४८ स्टडची बेसप्लेट, म्हणजे मॉडेलखालची पाटी, बारा खणांची, साठ फूट, जवळपास आमच्या वाड्याएवढी. अडीच फुटांची दगडी भिंत म्हणजे दोन स्टड. माळवदावरची, म्हणजे सपाट धाब्याच्या छतावरची, माती दीड फूट म्हणजे बरोबर एक वीट. हे गणित जमलं त्या रात्री मला झोप आली नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला दरवाजावर. ढाळजेचा, म्हणजे वाड्याच्या पुढच्या प्रवेशाच्या भागाचा, मोठा दरवाजा आणि त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. विटा नेहमीसारख्या एकावर एक चढवल्या तर दाराच्या उभ्या फळ्या दिसतच नाहीत. अशा वेळी विटा आडव्या लावतात, स्टड वर न ठेवता बाजूला वळवून. त्यासाठी एका अंगाला स्टड असलेली छोटी वीट मिळते, यादीत तिचा क्रमांक ८७०८७. दार चार स्टड रुंद, म्हणजे ३२ मिमी, म्हणजे बरोबर दहा प्लेटा उभ्या करून लावायच्या. आणि ३.२ मिमीची प्लेट आमच्या प्रमाणात सहा इंच होते. अण्णांना दार दाखवलं. त्यांनी बोटानं फळ्या मोजल्या आणि म्हणाले, सागवानाची सहा इंची फळीच होती, सुतारानं तेवढीच काढली होती. दारामागं अडसर होता का, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि दोन्ही भिंतींत त्याची खोबणी कुठं होती तेही दाखवलं. तेवढ्यासाठी भिंतीच्या चार विटा बदलल्या.

आता सॉफ्टवेअरबद्दल. भाग शोधायला सुरुवातीला फार वेळ लागतो, कारण भाग हजारांनी आहेत आणि नावं सगळी इंग्रजीत. पंधरा-वीस दिवस गेले की आपण नावांऐवजी क्रमांकावर येतो. ३००५ म्हणजे एक बाय एक, ३००४ म्हणजे एक बाय दोन, ३००१ म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली दोन बाय चारची वीट. किराणा दुकानातल्या माणसाला जसे डबे न बघता सापडतात, तसं होतं. नेहमी लागणाऱ्या भागांची स्वतःची एक वेगळी यादी करून ठेवता येते. ती पहिल्याच आठवड्यात करा, मी तिसऱ्या महिन्यात केली.

एखादा भाग एखाद्या रंगात प्रत्यक्षात निघालाच नसेल तर तेही बघता येतं. पडद्यावर कोणताही भाग कोणत्याही रंगात रंगवता येतो, म्हणून नवशिक्या माणूस फसतो. माझे सगळे खांब मी सुरुवातीला अशा रंगात केले होते की ते भाग विकत मिळणारच नव्हते. मग लालसर तपकिरी रंगावर आले. त्या रंगाच्या जुन्या विटा ठिसूळ असतात हे या छंदातले जुने लोक सांगतात. वापरलेल्या विटा घेणार असाल तर तेवढं जपा.

माझा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. साधं रचणं त्यावर ठीक चालतं. खऱ्या फोटोसारखं चित्र काढायला लावलं की पंखा गरगरतो आणि रात्रभर लॅपटॉप तसाच ठेवावा लागतो. मधेच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. फाईल मात्र सारखी जतन करत राहा आणि प्रत्येक मोठ्या बदलाआधी नव्या नावानं ठेवा. माझ्याकडं वाड्याच्या एकतीस फाईली आहेत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट. स्टुडिओत मॉडेल टिकेल का हे तपासायची सोय आहे. कुठला भाग सुटा राहिला, कुठली जोडणी कच्ची आहे, ते दाखवतं. माझा वाडा त्यात पास झाला. मी खूश होऊन विटा मागवल्या. पूर्ण वाड्याला फार विटा लागत होत्या, म्हणून पुढचा अर्धा भागच बांधायचा ठरवला: ढाळज, दोन्ही बाजूच्या खोल्या आणि चौकाची कड. २,२१४ भाग, खर्च अकरा हजारांच्या आसपास. अर्ध्याहून जास्त विटा दुसऱ्या कंपनीच्या स्वस्तातल्या घेतल्या. एका विक्रेत्यानं करड्या विटांत दोन छटा मिसळून पाठवल्या. लेगोचा करडा रंग २००४ च्या सुमारास बदलला, आधीचा पिवळसर होता, नंतरचा निळसर आहे, आणि माझ्या पाकिटात दोन्ही होते. आधी राग आला. पण दगडी भिंतीला एकच रंग शोभलाही नसता. मी त्या विटा मुद्दाम मिसळून लावल्या.

भिंत मी अशी केली होती: बाहेरच्या अंगाला दगडाच्या सांध्यासारख्या रेघा असलेली ९८२८३ क्रमांकाची वीट, आतल्या अंगाला साधी वीट. दोन्ही एकेक स्टड रुंद. खाली बेसप्लेट, वर माळवद, त्यामुळं सॉफ्टवेअरच्या हिशोबानं सगळं एकमेकांना जोडलेलं होतं. वर माळवद बसवलं, टेबलावरून उचलून खिडकीत ठेवायला गेले आणि भिंत मधोमध उभी फुटली. बाहेरचा पापुद्रा बाहेर, आतला आत. माळवद खाली बसलं.

अण्णा समोर खुर्चीत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाई, आपली भिंत अशीच फुटली होती."

त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर वाचूनही पाहिलं. आपल्याकडं भिंती दोन अंगांच्या असायच्या, बाहेरून दगड, आतून दगड, मधे माती आणि खडी. दोन्ही अंगांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वरून माळवदाची माती, दरवर्षी पावसाआधी आणखी एक थर घातलेली. हादरा बसला की दोन अंगं वेगळी होतात आणि वरचं सगळं ओझं खाली येतं. जिथं लाकडाचे खांब आणि तुळया, म्हणजे खणाचा सांगाडा धड होता, तिथं भिंती पडल्या तरी छत बऱ्याच ठिकाणी टिकलं. आमची ढाळज टिकली ती त्यामुळंच. अण्णा त्या रात्री ढाळजेत झोपले होते.

भूकंपानंतर दगडी भिंतींसाठी इंजिनिअर जे सांगत होते तेच मी मॉडेलला केलं. दर दोन थरांनंतर दोन स्टड रुंदीची प्लेट आडवी घातली, दोन्ही अंगांना पकडणारी. खांब भिंतीला नुसते टेकलेले होते ते खाली पक्के बसवले. पडद्यावर हे बदल करायला दोन रात्री लागल्या, हातानं करायला आठवडा. आता वाडा दोन हातांनी उचलला तरी हलत नाही. माळवद वेगळं उचलता येतं, आतलं बघायला. त्यात एका स्टडएवढं साणं, म्हणजे उजेडासाठीचं भोक, तेही ठेवलंय, पावसात ज्यावर आजी घमेलं उपडं घालायची.

म्हणून माझा सल्ला: पडद्यावरच्या तपासणीवर विसंबून सगळ्या विटा एकदम मागवू नका. सगळ्यात अवघड जागा निवडा, तेवढीच हातानं बांधून बघा, उचलून बघा. जोडणी घट्ट आहे की सैल, हे बोटांनाच कळतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या विटांची पकड सारखी नसते.

पुस्तिका करणं हे स्वतंत्र काम आहे. मॉडेल झालं म्हणजे संपलं असं मला वाटलं होतं, पण पुस्तिकेला त्याहून जास्त दिवस लागले. पायऱ्या पाडायच्या, खांब आणि दार अशी उपमॉडेलं वेगळी काढायची, जिथं मागून वीट लावायची तिथं चित्र फिरवायचं, प्रत्येक पायरीला लागणारे भाग कोपऱ्यात दाखवायचे. सगळी साधनं आत आहेत आणि चांगली आहेत, पण कुठं माणूस अडखळेल हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्या छपाईच्या प्रती काढल्या आणि लेकीच्या मैत्रिणीला बांधायला बसवलं. एकोणिसाव्या पायरीला ती अडकली. तपकिरी आणि गडद करडा कागदावर एकसारखेच दिसत होते. मी सगळ्या खांबांच्या पायऱ्या भिंतीपासून वेगळ्या केल्या, म्हणजे एका पानावर दोन गडद रंग येणार नाहीत. तुमची पुस्तिका कुणीतरी तशीच काळ्या-पांढऱ्यात छापणार, हे गृहीत धरा.

मॉडेल मी रिब्रिकेबलवर टाकलं, फुकट. तिथं भागांच्या यादीसह मॉडेल ठेवता येतं आणि बघणाऱ्याला आपल्याकडचे किती भाग त्यात वापरता येतील हे कळतं. ओळखीचे लोक पहिला प्रश्न विचारतात, यातून पैसे मिळतात का. पुस्तिका विकता येते. लेगो आयडियाज म्हणून वेगळी जागा आहे, तिथं १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला तर लेगो ते मॉडेल विचारात घेते, आणि डबा बाजारात आला तर मूळ कल्पना करणाऱ्याला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो. आमच्या वाड्यासाठी मला ते नको होतं. मला तो आणखी कुणाच्या तरी टेबलावर उभा राहिलेला हवा होता.

तो उभा राहिला. नांदेडच्या एका गृहस्थांनी मुलासोबत बांधला आणि फोटो पाठवला. त्यांच्याकडं करडा रंग पुरला नाही म्हणून अर्धी भिंत लाल झालीय. दिंडी त्यांनी उघडी ठेवलीय आणि आत एक बैलगाडी उभी केलीय. त्यांनी विचारलं, बळद, म्हणजे धान्य साठवायची जागा, कुठं होतं? बळद मागच्या अर्ध्या भागात होतं, आणि तो भाग अजून पडद्यावरच आहे. ते ऐकून मोठी आई म्हणाली, बळद उजवीकडं. अण्णा म्हणतात डावीकडं.

काल अण्णांचा फोन आला होता. न्हाणीजवळ रांजणाची जागा धरलीस का, असं विचारत होते. धरलेली नाही. आज रात्री बत्तिसावी फाईल.