बिल चार सेन्सरचं, बदलला एकच

दिवा विझला म्हणजे काम झालं, एवढीच माझी परीक्षा होती आणि त्यातच मी फसलो. पिकअपमधला टायर प्रेशरचा सेन्सर बदलायला निघाला असाल तर आधी हे वाचा.

गाडीला आठ वर्षं झाली होती. रोज सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, घोड्याच्या नालेसारखा आणि मध्ये उद्गारचिन्ह असलेला, मिनिटभर लुकलुकायचा आणि मग तसाच लागून राहायचा. मी दोनदा हवा तपासून घेतली. चारही चाकांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढंच प्रेशर होतं, तरी दिवा काही जाईना. या दिव्याच्या दोन तऱ्हा असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लागला आणि स्थिर राहिला, तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. आधी साठ ते नव्वद सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेतच आहे. कितीही हवा भरा, तो विझणार नाही.

शेवटी एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला मुलगा रिमोटएवढं एक यंत्र घेऊन चाकांभोवती फिरला. प्रत्येक व्हॉल्व्हजवळ धरायचं, बटण दाबायचं, पुढच्या चाकाकडे जायचं. मी बाकावर बसून बघत होतो. तीन चाकांपाशी यंत्र वाजलं. पुढच्या डाव्या चाकापाशी त्याने तीन-चारदा बटण दाबलं, तरी काही नाही. आता वाटतं, तो आवाज नीट ऐकला असता तर सगळं तिथेच कळलं असतं. वाजलं याचा अर्थ सेन्सरने उत्तर दिलं. तीन जिवंत, एक मेलेला.

काउंटरवर मात्र वेगळंच सांगितलं गेलं. "साहेब, चारही एकाच वयाचे आहेत. आतली बॅटरी सीलबंद असते, बदलता येत नाही. एक गेला, बाकीचे मागोमाग जाणार. दर वेळी टायर उतरवण्यापेक्षा एकदाच उरकून टाका." यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर गंमत. या बॅटऱ्या साधारण पाच ते दहा वर्षं टिकतात आणि एकदम चारही बदलणं हा शहाणपणाचा सल्ला आहे. मी हो म्हटलं. शिवाय मी स्वतःला हुशार समजतो, म्हणून बजावलं की जुने सेन्सर मला परत द्यायचे. "देतो की," म्हणाला.

संध्याकाळी गाडी मिळाली. दिवा बंद, चारही व्हॉल्व्हना नवी टोपणं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार जुने सेन्सर. बिलावर सेन्सर चार, फिटिंग चार, प्रोग्रामिंग वेगळं. पिशवी न उघडताच मी ती सीटमागे टाकली.

अडीच महिन्यांनी दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

या वेळी मी दुसऱ्याकडे गेलो, एका साध्या टायरवाल्याकडे. त्याच्याकडेही तसंच यंत्र होतं. मागचं उजवं चाक गप्प. त्याने टायर रिमवरून सोडवला आणि मला हाक मारली. आत व्हॉल्व्हच्या बुडाशी काडेपेटीएवढा काळा सेन्सर होता. त्यावर धुळीचा थर, आणि धातूच्या व्हॉल्व्हवर पांढरी बुरशी आल्यासारखा गंज. "हा अडीच महिन्यांचा म्हणता? हा गाडीबरोबर आलेला आहे," तो म्हणाला. बाकीची चाकंही उघडायला लावली. नवा सेन्सर फक्त पुढच्या डाव्या चाकात होता.

मग ती पिशवी काढली. त्याने एकदाच पाहिलं आणि हसायलाच लागला. माझ्या गाडीला नट लावून बसवलेले धातूचे व्हॉल्व्ह. पिशवीतल्या चारही सेन्सरचे व्हॉल्व्ह रबरी! कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा माल.

दिवा का विझला होता, तेही त्यानेच समजावलं. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये ते नंबर नोंदलेले असतात. मेलेल्याच्या जागी एक नवा बसवून त्याचा नंबर नोंदवला, बाकी तीन जुने बोलतच होते, की दिवा विझतो. किती बदलले हे दिव्याला कळत नाही. नंबरांवरून कळतं. यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक चाकाचा नंबर आणि प्रेशर दिसतं, बऱ्याच सेन्सरच्या बाबतीत बॅटरीची स्थितीही. म्हणून जुने भाग मागण्याआधी या पडद्याचे फोटो मागा: काम सुरू होण्यापूर्वी चारही चाकांचे, आणि झाल्यावर पुन्हा चारही चाकांचे. चार बदलले असतील तर आधीचा एकही नंबर उरता कामा नये. प्रोग्रामिंग करून नव्या सेन्सरला जुनाच नंबर देता येतो, हे खरं. तसं करणार असाल तर आधी सांगा, म्हणावं. मग टायर उतरलेला असताना आत डोकावून बघायचं. आणि यंत्र फिरत असताना बाकावर बसू नका, त्याच्या मागे मागे जा. काही गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो. तुमच्या गाडीत आहे का, हे आधीच बघून ठेवा, नाहीतर पाचव्याचं नाव पुढे करून गोंधळ घालता येतो.

बिल, टायरवाल्याकडे काढलेले फोटो आणि पिशवी घेऊन मी वर्कशॉपमध्ये परत गेलो. आधी "पोरांकडून चुकून राहिलं असेल" झालं. एक राहिला तर समजू शकतो, तीन कसे राहतात? मग "पिशवी बदलली असेल." आवाज चढवायची वेळ आली नाही, कारण शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मी पिशवीतला एक सेन्सर काउंटरवर ठेवून तो रबरी व्हॉल्व्ह बोटाने वाकवून दाखवत होतो. तीन सेन्सरचे पैसे परत मिळाले. मजुरी नाही मिळाली.

निघताना काउंटरवरच्या माणसाने ती पिशवी सहज आपल्याकडे ओढली आणि ड्रॉवर उघडला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली.