एक टाइट एंड की दोन?

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये आक्रमणाची रचना आकड्यांनी ओळखतात. पहिला आकडा रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन धावणारा), दुसरा टाइट एंडचा (पुढच्या रांगेच्या टोकाला उभा राहून समोरच्याला अडवणारा, म्हणजे ब्लॉकिंग करणारा, आणि पासही झेलणारा). ‘अकरा’मध्ये टाइट एंड एक आणि रिसीव्हर (पास झेलणारे) तीन, ‘बारा’मध्ये दोन-दोन.

‘अकरा’ची सोय म्हणजे माणसं मिळतात. चपळ रिसीव्हर बरेच असतात. बचावाच्या टोकावरच्या दांडग्या डिफेन्सिव्ह एंडला रेटणारा आणि वर झेलही घेणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा विरळाच.

‘बारा’चा फायदा साध्या हिशेबात आहे. पुढच्या रांगेतल्या पाच लाइनमनमुळे धावायला सहा गॅप (फटी) होतात, एका टाइट एंडने सात, दोघांनी आठ. प्रत्येक गॅपला माणूस द्यायचा तर बचावाला सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) पुढे आणावा लागतो, आणि मागे मधली जागा उघडी पडते.

२०२२च्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाचे दोन टाइट एंड पाहा. डार्नेल वॉशिंग्टन सहा फूट सात इंचांचा, ब्लॉकिंगला जवळपास टॅकलच (कडेचा लाइनमन). ब्रॉक बावर्सने त्या मोसमात ६३ झेलांत ९४२ यार्ड काढले. बचावाने जादा लाइनबॅकर (मधल्या फळीतला दांडगा बचावपटू) आणला की बावर्सला रिसीव्हरसारखं बाहेर उभं करायचं; पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे) ठेवले की वॉशिंग्टनच्या बाजूने धावायचं. आक्रमणाने खेळाडू बदलला तरच बचावाला बदलायला वेळ द्यावा लागतो. तेच खेळाडू ठेवून झटपट पुढचा स्नॅप घेतला (चेंडू मागे देऊन खेळ सुरू केला), तर समोरचे अडकतात. अंतिम सामन्यात त्यांनी टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ६५-७ असं लोळवलं. अर्थात असे दोघं एकाच वेळी मिळणं हे नशीबच.

दुसऱ्या टाइट एंडला ब्लॉकिंग येत नसेल, तर ‘बारा’ फक्त कागदावर. बचाव पाच बॅक तसेच ठेवतो आणि तुमचा एक रिसीव्हर फुकट जातो. पहिलं पाऊल लांब पडलं, अंग उंच राहिलं, की समोरचा छातीखाली हात घालून उचलतो. हे सरावात पहिल्याच आठवड्यात दिसतं. दुसरी चूक उभं राहण्याची: रिसीव्हर टाइट एंडच्या बाहेर, थेट लाइनवर (चेंडू ठेवतात ती रेष) उभा राहिला, की टाइट एंडला पास घेता येत नाही. पासच्या वेळी तो पुढे पळाला की पाच यार्डांचा दंड. रिसीव्हरला एक यार्ड मागे घ्या.

कॉलेजच्या मैदानावर हॅश (चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन रांगा) एकमेकांपासून ४० फूट अंतरावर असतात. चेंडू एका हॅशवर असला की अरुंद बाजूला जेमतेम २० यार्ड उरतात. तिथे जादा रिसीव्हर कोंडतो, लाइनला चिकटलेला टाइट एंड मात्र कामाला येतो.

दुसरा टाइट एंड नुसताच धिप्पाड झेलकरी असेल, तर ‘अकरा’च खेळा आणि त्याला स्लॉटमध्ये (लाइनमन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत) उभा करा. ‘बारा’ नेहमीचं करायचं असेल, तर तिसराही तयार हवा. एकाचा घोटा मुरगळला की अख्खी योजना बाद.