कुपीवरचे १० मिलिग्रॅम : मॉट्स-सी पेप्टाइडच्या खरेदीचा अनुभव

स्नायूपेशींवरील एका छोट्या प्रयोगासाठी आम्हाला मॉट्स-सी हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, हवे होते. नेहमीच्या पुरवठादाराने सहा आठवड्यांची मुदत सांगितल्यामुळे, पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या मागवल्या. विक्रेत्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे खटकले ते या व्यवसायात सर्रास चालते.

पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) डीएनएमध्ये प्रथिने घडवणारी जनुके अवघी १३, असे आपण शिकत आलो. मात्र २००१ साली जपानमधील संशोधकांना अल्झायमर झालेल्या रुग्णाच्या मेंदूच्या नमुन्यातून ह्युमॅनिन हे छोटे पेप्टाइड मिळाले आणि त्याचा आराखडा तंतुकणिकेच्या रायबोसोमल आरएनएच्या, म्हणजे प्रथिन घडवत नाही असे मानल्या गेलेल्या, जनुकात दडलेला आढळला. २०१५ साली साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील चांगहान ली आणि पिंचास कोहेन यांच्या गटाने अशाच दुसऱ्या जनुकातून मॉट्स-सी हे १६ अमिनो आम्लांचे पेप्टाइड समोर आणले. ते फोलेटच्या चक्रात अडथळा आणते, त्यातून पेशीतील ऊर्जेचा हिशेब ठेवणारे एएमपीके हे विकर जागे होते, आणि भरपूर चरबी खाऊ घातलेले उंदीरही लठ्ठपणापासून व इन्सुलिनला दाद न देण्यापासून बऱ्याच अंशी वाचतात.

आता मालाविषयी. पार्सल चौथ्या दिवशी आले. बर्फाची पिशवी पार वितळलेली होती, पण कोरड्या गोठवलेल्या पुडीला तेवढ्याने फारसे बिघडत नाही. कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडली नाही. थंड कुपी उघडली की पूड हवेतील ओल ओढून घेते. पांढरी चकती तळाशी नीट बसलेली होती आणि पाण्यात लगेच विरघळली.

सोबतच्या प्रमाणपत्रावर शुद्धता ९८ टक्क्यांहून अधिक दाखवली होती. हा आकडा वाचताना नवखे हमखास फसतात. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्राला दिसलेल्या पेप्टाइडांपैकी इतका भाग मॉट्स-सीचा आहे. पुडीतील क्षार आणि पाणी त्यात मोजलेच जात नाही. सुदैवाने या साखळीत एक ट्रिप्टोफॅन आणि दोन टायरोसिन ही प्रकाश शोषणारी अमिनो आम्ले असल्यामुळे २८० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो यावरून खरे प्रमाण काढता येते. एक कुपी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ते द्रावण दहापट पातळ केले, तेव्हा कुपीत पूर्ण १० मिलिग्रॅम पेप्टाइड असते तर शोषणाचा आकडा ०.३९ यायला हवा होता. तीनदा मोजूनही तो ०.२९ आला. म्हणजे कुपीत पेप्टाइड होते साधारण ७.४ मिलिग्रॅम.

विक्रेत्याने लबाडी केली असे मात्र म्हणता येत नाही. या साखळीत तीन अर्जिनिन, एक लायसिन आणि सुरुवातीचा अमिनो गट मिळून धनभार घेणाऱ्या पाच जागा आहेत, आणि शुद्धीकरणात वापरलेल्या आम्लातून आलेल्या ट्रायफ्लुओरोअॅसिटेटचा एकेक रेणू प्रत्येक जागेला चिकटू शकतो. पेप्टाइडचा रेणुभार सुमारे २,१७५, तर या पाच पाहुण्यांचा मिळून ५७०. म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा इथेच गेला, उरलेली तूट ओलीची. तक्रार अशी, की १० मिलिग्रॅम हे वजन पुडीचे आहे की पेप्टाइडचे, हे लेबलवर कुठेच लिहिलेले नाही. शिवाय प्रमाणपत्रावरील बॅच क्रमांक कुपीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि ही चूक माझ्या दृष्टीने तुटीपेक्षा गंभीर आहे.

याबाबत विचारणा केली तेव्हा आलेल्या उत्तरात वजनाचा किंवा बॅचचा उल्लेखही नव्हता. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये किती रेघांपर्यंत ओढावे आणि पोटावर कुठे टोचावे, एवढेच त्यात होते. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे ठळक छापलेले असताना! आमच्या पेशींना पोट नाही, असे उत्तर लिहिण्याचा मोह मी आवरला.

विक्रीच्या मजकुरात वार्धक्य मागे फिरवण्याची भाषा आहे. तिला आधार म्हणून दाखवला जाणारा २०२१ चा अभ्यास चांगलाच आहे: साडेतेवीस महिन्यांच्या, म्हणजे चांगल्याच म्हाताऱ्या उंदरांना आठवड्यातून तीनदा मॉट्स-सी दिल्यावर त्यांची शारीरिक क्षमता सुधारली. पण त्याच अभ्यासात माणसांना हे पेप्टाइड टोचलेले नव्हते. तरुणांनी सायकल चालवल्यावर त्यांच्याच स्नायूंतील त्याचे प्रमाण सुमारे १२ पट वाढलेले दिसले, आणि सायकल काही कुपीत मिळत नाही. मॉट्स-सीवरून बेतलेल्या सीबी४२११ या रेणूची मानवी चाचणी टोचल्या जागी उमटणाऱ्या प्रतिक्रियांमुळे २०१८ साली काही काळ थांबवावी लागली होती. खेळाडूंना तर मॉट्स-सी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) नियमांनुसार वर्ज्यच आहे.

पेशींवर वापरण्याचे रसायन म्हणून, स्वतः मोजून घेण्याची तयारी असेल तर, पाचपैकी तीन गुण. शरीरात टोचण्याची वस्तू म्हणून मी गुण देणार नाही. दुसरी कुपी न उघडता उणे २० अंशांच्या कप्प्यात ठेवली आहे. पुढची मागणी ट्रायफ्लुओरोअॅसिटेटऐवजी अॅसिटेट क्षाराची आणि निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण लेखी मागून, त्या सहा आठवडेवाल्यांकडेच नोंदवली आहे.