काचेचे समुद्रजीव: फुलांआधी इकडे वळा

बोस्टनला मुलांकडे आलेले आपले आईवडील हार्वर्डचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम बघून येतात आणि काचेच्या फुलांचं कौतुक सांगतात. फुलं सुंदर आहेत, वाद नाही. पण ती करणाऱ्या बापलेकांनीच त्याआधी घडवलेले समुद्रातले प्राणीही याच म्युझियममध्ये आहेत. माझं मत विचाराल तर आधी ते बघा, डोळे ताजे असताना.

मी रत्नागिरीला ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत फॉर्मालिनच्या बरण्यांचं कपाट होतं. त्यात समुद्रफूल (सी अॅनिमोन, नावात फूल असलं तरी प्राणीच) आखडलेलं, जेलीफिश तळाशी बसलेला आणि सगळ्यांचा रंग एकच, उकडलेल्या बटाट्याचा. स्पॉटिंगच्या परीक्षेत मुलं प्राणी ओळखायची नाहीत, बरणीच्या झाकणावरचा गंज ओळखायची. त्यामुळे इथला काचेचा जेलीफिश पाहून मला आधी आनंद झाला आणि मग चक्क हेवा वाटला.

कारण हे सगळं मुळात शिकवण्यासाठीच केलेलं. वाघ, हरीण, पक्षी यांची कातडी पेंढा भरून उभी करता येते. जेलीफिशच्या अंगात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच, त्यात भरणार काय? १८६३ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या म्युझियमच्या संचालकांनी लिओपोल्ड ब्लाश्का या काचकाराकडून समुद्रफुलं करून घेतली आणि तिथून हा धंदा सुरू झाला. त्याआधी लिओपोल्ड दागिने आणि काचेचे डोळे करायचा. पण समुद्रातले जीव त्याच्या मनात दहा वर्षं होते. १८५३ मध्ये अमेरिकेला निघालेलं त्याचं जहाज वारा पडल्यामुळे अझोर्स बेटांजवळ अडकून पडलं होतं. बायको आणि वडील नुकतेच वारलेले. त्या मुक्कामात तो पाण्यात चमकणारे जेलीफिश बघत आणि त्यांची चित्रं काढत बसला.

पुढे मुलगा रुडॉल्फ हाताशी आला. सुरुवातीचे नमुने पुस्तकांतल्या चित्रांवरून केले, नंतर घरातच समुद्राच्या पाण्याच्या टाक्या ठेवून जिवंत प्राण्यांवरून. छापील कॅटलॉगमध्ये सातशेच्या आसपास नमुने असायचे. कॉलेजांनी आणि म्युझियमांनी यादी बघून ऑर्डर द्यायची, माल पेटीतून घरपोच. हार्वर्डनेही १८७८ मध्ये असेच घेतले. आज त्याला कला म्हणतात. तेव्हा ते आमच्या भिंतीवरच्या तक्त्यांसारखंच शैक्षणिक साहित्य होतं. आम्हाला तक्ते मिळाले, एवढाच फरक!

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. दिव्याच्या ज्योतीवर काच मऊ करायची, ओढायची, फुंकायची, चिमट्याने वळवायची. काही भाग रंगीत काचेचे, काहींवर वरून रंग, आणि जोडायला सरस नाहीतर बारीक तार. हे वाचून माहीत असलं तरी समोर उभं राहिल्यावर पटत नाही. जेलीफिशच्या छत्रीखाली लोंबणारे धागे बघा, काच कुठे संपली आणि हवा कुठे सुरू झाली ते कळत नाही. समुद्री गोगलगायीच्या पाठीवर बोटांसारख्या वाढी असतात. त्यातली प्रत्येक वेगळी करून वेगळी चिकटवलेली आहे. ऑक्टोपसचे हात मी मोजले, शिक्षकाची खोड. आठ भरले. पण मला सर्वांत आवडली ती समुद्रफुलं, कारण रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर खडकांत ओहोटीला मुलांना दाखवायचे ती अशीच, उघडलेली. माझ्या बरणीतलं खरं होतं, पण ते बघून समुद्रफूल कसं असतं हे कुणालाही कळलं नसतं.

मग हे काम थांबलं कशामुळे? फुलांमुळेच. हे प्राणी पाहून हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रोफेसर गुडेल १८८६ मध्ये ड्रेस्डेनला गेले आणि आम्हाला झाडं करून द्या म्हणाले. १८९० मध्ये करार झाला: दहा वर्षं, वर्षाला ८,८०० जर्मन मार्क, आणि दुसऱ्या कुणासाठी काम करायचं नाही. लिओपोल्ड १८९५ मध्ये वारला, रुडॉल्फ १९३६ पर्यंत फुलं-पानंच करत राहिला. फुलांच्या दालनात माझा उत्साह जरा कमी पडला, त्याचं हे कारण. आकसच म्हणा.

एक हळहळ आहे. संग्रहात असे चारशेच्या वर जीव आहेत, मांडलेले मात्र साठेक. काच जुनी, जपायला हवी, हे समजतं. तरी पोट भरत नाही.

नातवाला घेऊन गेलात तर आधी छताला टांगलेले देवमाशांचे सांगाडे दाखवा, मग तो काचेपाशी शांत उभा राहील. क्रोनोसॉरस या बेचाळीस फुटी सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडाही आहे. त्यात प्लास्टर इतकं भरलंय की लोक त्याला 'प्लास्टरोसॉरस' म्हणतात.

मेट्रोच्या रेड लाइनने हार्वर्ड स्टेशनला उतरून पायी जाता येतं. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्यांना रविवारी सकाळी नऊ ते बारा प्रवेश फुकट, म्हणून मुलाचं ओळखपत्र बरोबर असू द्या, पाहुण्यांना मात्र तिकीट पडतं. त्याच तिकिटावर शेजारचं पीबॉडी हे मानववंशशास्त्राचं म्युझियमही बघता येतं. मी गेले नाही, गुडघे बोलायला लागले होते.