सीट काढून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका : जुन्या टूरिंग बाईकच्या व्यवहारात आमची झालेली फसवणूक

जुनी बाईक घेऊन जोडीनं लांबचा प्रवास करायचं मनात असेल तर हे पूर्ण वाचा, आणि मागे जी व्यक्ती बसणार आहे तिलाही वाचायला द्या. आमची फसवणूक झाली ती गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात. गाडी बघायला गेलेली माणसं इंजिनाचा आवाज ऐकतात, टाकीवरचे ओरखडे बघतात, एक चक्कर मारून येतात आणि भाव करायला बसतात. मागचा भाग कुणी बघत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आम्ही सोलापूरचे. मुलं शिकायला बाहेर गेली तसं माझ्या मिस्टरांनी आणि मी ठरवलं की आता गाडीवर फिरायचं. त्यासाठी आपलं गाव सोयीचं आहे. ६५ नंबरच्या महामार्गानं एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला नळदुर्ग आणि पुढे हैदराबाद. ५२ नंबरनं वर तुळजापूर, खाली विजापूर, आणि तिथून पुढे बदामी, हंपी. आमच्या डोक्यात हंपी होतं.

गाडी निवडताना आम्ही एक गोष्ट आधीपासून धरून होतो. चालवणाऱ्याची पसंती निम्मीच, उरलेली निम्मी माझी. त्यामुळे शोरूममध्ये मी प्रत्येक गाडीवर मागे बसून बघितलं. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर उंचीची, मिस्टरांचे पाय व्यवस्थित टेकले, टाकी १५ लिटरची. हिमालयन ४११ ची टाकीही १५ लिटर, पण सीट ८०० मिलिमीटरवर. आमच्या उंचीला सामानासकट ती उभी धरणं जड गेलं असतं. डॉमिनार ४०० ला जोर भरपूर, टाकी मात्र १३ लिटर. इंटरसेप्टर ६५० बघून आलो, पण ती बजेटबाहेर. मागे बसणाऱ्यानं काय बघायचं तेही सांगते. पायदान फार वर असेल तर गुडघे मुडपून बसावं लागतं आणि पन्नास किलोमीटरनंतर मांड्या भरून येतात. सीट पुढे उतरती असेल तर ब्रेक मारला की आपण पुढच्याच्या पाठीवर आपटतो. धरायला मागे पक्का दांडा हवा. मागचे शॉकअप डबलसीटच्या वजनाला कडक करता आले पाहिजेत.

नव्या गाडीची ऑन-रोड किंमत ऐकून जुनी बघायचं ठरलं, आणि शहरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या दुकानात आम्हाला ती मिळाली. तिचं मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नव्हता. दुकानाचं नावही लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पुण्याची पासिंग, एकच मालक, मीटरवर साडेअठरा हजार किलोमीटर. काळाभोर रंग, चकचकीत. मागे दोन्ही बाजूंना पेट्या लावायचे स्टँड आणि वर बॅकरेस्ट.

दुकानदार माझ्याशीच जास्त बोलत होता. "वहिनी, मागं तुम्हीच बसणार ना? मग हे बघा. स्टँड, बॅकरेस्ट, सगळं आमच्याकडून फ्री. बाहेर बसवायला गेलात तर पंधरा हजार जातील." मी साडीगार्ड कुठंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, टूरिंग लूकला ते बरं दिसत नाही म्हणून काढलंय. मूळचा धरायचा दांडाही काढलेला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की दुचाकीला मागच्यासाठी हाताला धरायची कायमची सोय, पायदान आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण असायलाच हवं. म्हणजे साडीगार्ड आणि दांडा ही कुणाच्या आवडीनिवडीची बाब नाही. विकायच्या गाडीवरून नेमक्या याच वस्तू गायब असतील तर त्या कुठं गेल्या आणि का गेल्या, याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचं बोलू नका.

आम्ही डबलसीट ट्रायल मागितली. "रस्त्याला गर्दी आहे, दुकानाचा नियम आहे, ट्रायल एकट्यानंच" असं उत्तर मिळालं. मिस्टर एकटेच होटगी रोडला चक्कर मारून आले. गाडी सरळ चालली, ब्रेक लागले, आवाज स्वच्छ. व्यवहार १ लाख ४५ हजारांना ठरला. त्यातले ५५ हजार त्यानं रोख मागितले आणि पावती फक्त ९० हजारांची दिली. पावतीवर खाली बारीक अक्षरांत छापलेलं होतं की गाडी पाहून, पसंत करून घेतली आहे, नंतर कुठलीही तक्रार चालणार नाही.

पहिल्यांदा दोघं बसून निघालो ते नळदुर्गला. गावातून बाहेर पडेपर्यंत काही जाणवलं नाही. हायवेला वेग सत्तरच्या पुढे गेला आणि गाडीचं बूड डावीकडं-उजवीकडं झुलायला लागलं. हे आधी मला कळलं, कारण मी त्याच भागावर बसले होते. मिस्टरांना वाटलं वारा आहे. शेजारून ट्रक गेला तेव्हा हँडलही हलकं पडलं आणि त्यांनी गाडी बाजूला घेतली. बोरामणीहून आम्ही मागे फिरलो, चाळीसच्या वर न जाता. उजवीकडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला माझ्या पोटात गोळा येत होता. ती गाडी तशीच घेऊन हंपीला निघालो असतो आणि विजापूरच्या पुढे कुठंतरी मागचा चेसिस तुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही सहन होत नाही.

दुकानदार आधी म्हणाला, हवा कमी असेल. पुस्तकात डबलसीटसाठी दिलेला आकडा बघून तेवढी हवा भरली. मग म्हणाला, पेट्यांमुळे होतं. पेट्या काढल्या. झुलणं तसंच. शेवटी अशोक चौकाकडच्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली.

त्यानं सीट काढली, बाजूची पॅनल काढली आणि फुकट मिळालेले स्टँड सोडवले. चेसिसच्या डाव्या बाजूच्या नळीवर, जिथं स्टँडची पट्टी बरोबर झाकून बसली होती, तिथं त्यानं अंगठा फिरवला आणि थांबला. मला म्हणाला, "अक्का, इकडं या. इथं बोट लावून बघा." काळ्या रंगाखाली फुगवटा होता. हॅकसॉच्या जुन्या ब्लेडनं त्यानं रंग खरवडला. आधी काळा थर, त्याखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि त्या पुट्टीखाली ओबडधोबड वेल्डिंगची रेघ, सांडलेल्या मेणासारखी. रेघेच्या कडेला केसाएवढी चीर गेलेली होती. त्यानं मला मागच्या सीटच्या जागी तळहातानं दाब द्यायला सांगितलं. मी जोर दिला तशी ती चीर उघडत होती, हात काढला की मिटत होती. मी स्वतः बघितलं.

मग त्यानं मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोरी लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणली. दोन्ही चाकं एका रेषेत असतील तर पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोरीपासूनचं अंतर सारखं येतं. आमच्या गाडीत एका बाजूला बोट जात नव्हतं आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं सहज जात होती. "मागनं ठोकलंय हिला कुणीतरी. चिमटा पण वाकलाय," तो म्हणाला. चिमटा म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं तो भाग. "एकटा माणूस चालवला तर कळत नाही. वजन मागं पडलं की कळतं." एकट्याच्या ट्रायलचा आग्रह त्यामुळेच होता.

मीटरचंही तेच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबरवरून जुना इतिहास निघतो. आमच्या नावाचं आरसी दाखवल्यावर त्यांनी तो दिला. आम्ही गाडी घेतली त्याच्या बऱ्याच आधीच तिचं रनिंग ३७ हजारांवर गेलेलं होतं. शेवटची नोंद अपघाताची होती. दुरुस्तीचं एस्टिमेट काढलेलं, आणि पुढे दुरुस्ती न करताच गाडी नेलेली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरते. असे सांगाडे विकले जातात, आणि त्यातले काही रंग मारून पुन्हा बाजारात उभे राहतात.

कागदांत दोन खुणा होत्या, त्या तुमच्या कामी येतील. आम्हाला दाखवलेली पॉलिसी नुकतीच काढलेली, नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची) होती आणि आधीची "सापडत नाही" असं सांगितलं गेलं. आधीची पॉलिसी हट्टानं मागा. एकाच मालकाच्या चार-पाच वर्षं जुन्या गाडीवर सलग पॅकेज पॉलिसी (आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी) असेल आणि तरी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य दिसत असेल, तर कधीतरी क्लेम झालेला असण्याची दाट शक्यता असते. मागे बसणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं की नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आपण धरले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा तसा निकाल आहे. पॅकेज पॉलिसीत मागचा माणूस धरला जातो. जोडीनं फिरायचं असेल तर ट्रान्सफरच्या दिवशीच ती काढा.

दुसरी खूण फॉर्म २९ आणि ३० ची, म्हणजे गाडी नावावर करायच्या अर्जांची. दोन्हींवर पुण्याच्या मालकाची सही आधीच घेतलेली, बाकी रकाने कोरे. कागदावर गाडी आम्हाला त्या मालकानं विकली, दुकानदार मध्ये कुठेच नाही. तक्रार घेऊन गेलो तेव्हा तो हेच बोलला, "आम्ही फक्त ओळख करून दिली, मालकाशी बोला." पहिल्या दिवशी वहिनी म्हणणारा माणूस त्या दिवशी आमच्याकडे बघतही नव्हता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते फॉर्म २९बी मध्ये असतं. मालकानं गाडी अशा दुकानदाराच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून त्याची ऑनलाइन नोंद होते, आणि तिथून जबाबदारी दुकानदाराची. हे दोन कागद दाखवा म्हटल्यावर समोरचा चुळबुळ करायला लागला तर उठून या. गाडी कितीही आवडलेली असू द्या.

आम्ही पुढे काय केलं ते थोडक्यात. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत नोटीस दिली, आणि उत्तर न आल्यानं सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. गाडीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. "तक्रार चालणार नाही" या छापील ओळीला घाबरू नका, लपवलेल्या दोषाला ती ओळ ढाल होत नाही, असं आमच्या वकिलांनी सांगितलं. आमच्याकडे वेल्डिंगचे फोटो आहेत, दोरी लावलेला व्हिडिओ आहे, सर्व्हिस सेंटरचा इतिहास आहे. अडचण आहे ती रोख दिलेल्या ५५ हजारांची, त्याचा एकही पुरावा नाही. सगळी रक्कम खात्यातूनच द्या आणि पावती पूर्ण रकमेचीच घ्या, त्यासाठी दोन हजारांची सूट सोडावी लागली तरी.

दोघातिघांनी आम्हाला सल्ला दिला की वर पुन्हा रंग मारा, ओएलएक्सवर टाका आणि मोकळे व्हा. ते आम्ही करणार नाही. त्या सीटवर उद्या कुणाची तरी बायको, कुणाची तरी मुलगी बसेल. गाडी घरामागे झाकून उभी आहे आणि निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून तशीच राहील.

तुम्ही बघायला जाल तेव्हा मेकॅनिक सोबत न्या. त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन टाका. सीट आणि पॅनल काढायला लावा. किल्ली आणि दोन-चार बोल्टचं काम असतं, दहा मिनिटं पुरतात. मागं काही जादा बसवलेलं असेल, विशेषतः फुकट म्हणून, तर ते सोडवून त्याच्या खालची नळी बोटानं चाचपून बघा. मीटरचा आकडा सोडा, मागच्या ब्रेकच्या डिस्कची जाडी बघा. जाडी कमीत कमी किती चालते तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. टायर कधी बनलं ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. विकणाऱ्याला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरमधून चेसिस नंबरचा इतिहास काढा. आणि ट्रायल दोघांनी बसूनच घ्या, हायवेला, सत्तर-ऐंशीच्या वेगानं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट घालून.

ज्यांनी आधीच अशी गाडी घेतलेली आहे आणि मागे बसल्यावर बूड झुलतंय, त्यांनी ती चालवणं आजच थांबवा आणि सीट उघडून फोटो काढून ठेवा. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते.